‘दोन पत्र्यांचे १८ हजार’ या तक्रारीवर बोट दुरुस्ती शेडच्या मालकाचं उत्तर
साहेब, नमस्कार. तुमचा दोन स्टारचा अभिप्राय परवा रात्री वाचला. दुरुस्तीला आलेली तुमची जेट बोट चार दिवस उशिरा दिली, मधले दोन दिवस तुमचा फोनही उचलला गेला नाही. चूक आमचीच, माफी मागतो. वेल्डर गावी गेला होता, ते तुम्हाला आधी कळवायला हवं होतं.

पण ‘दोन पत्र्याचे तुकडे लावून १८ हजार उकळले, बोट होती तशीच’ हे फार लागलं. अंबडला २२ वर्षं शेड चालवतोय, ‘उकळले’ असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. नवीन माणूस बोट आणण्याआधी हेच वाचतो, म्हणून सविस्तर लिहितो.

बिल १८,४०० चं आहे. त्यात पत्र्यांचे फक्त ४,२००. तुमची तक्रार होती की जेटीजवळ बोट हळू केली की स्टिअरिंग ऐकत नाही आणि रिव्हर्सला जोर नाही. जेट बोटीला बाहेर पंखा नसतो, सुकाणूही नसतं. आतला पंप पाणी ओढून मागे फेकतो. नोझलमधून, म्हणजे पंपाच्या मागच्या तोंडातून, सुटणारा झोत जिकडे वळेल तशी ती वळते. थ्रॉटल (रेस) सोडला की झोत मरतो आणि वळणही जातं. त्यात तुमच्या इम्पेलरची (पंपातल्या फिरत्या चक्राची) पाती आणि त्याभोवतीची वेअर रिंग यांच्यात दीड मिलिमीटरचं फीलर गेज (फट मोजायची पट्टी) आरामात जात होतं. तिथे फट याहून खूपच कमी लागते. वाळू खाऊन रिंगला नख अडकेल अशा चऱ्या पडल्या होत्या, पाणी त्या फटीतून मागे पळत होतं. रिंग, पात्यांच्या कडा भरणं, पंप खोलून परत बसवणं, बकेटचं (रिव्हर्ससाठी झोतासमोर येणाऱ्या झाकणाचं) काम, बाकीचे पैसे या सगळ्यात गेले.

आता ते पत्रे. नोझलच्या दोन्ही अंगाला लावलेले स्टेनलेसचे पंख आहेत ते. झोत कमी असतानाही पाण्याला धरून बोट वळवतात. तीनदा पुठ्ठा कापून माप घेतलं तेव्हा बसले. वरच्या बाजूला बिजागरी आहे बघा, खाली दगड लागला तर पंख वर उचलला जातो. ती तुमच्या बिलात लावलेलीच नाही.

रिव्हर्समध्ये बकेट खाली येऊन झोत पुढे फिरवते. तुमच्या बोटीत तो थेट बोटीच्या पोटाखाली जात होता. तेच फेसाळ पाणी पंप परत ओढायचा, म्हणून रेस वाढवली की आवाज वाढायचा, ओढ नाही. आम्ही बकेट कापून झोत खाली आणि दोन्ही बाजूंना काढला. रिव्हर्सला पुढच्याइतका जोर येणार नाही, हे काम घेतानाच सांगितलं होतं.

ट्रायलचंही लिहितो, राग मानू नका. सकाळी आठचं ठरलं होतं, तुम्ही आलात एक वाजता. तोवर धरणावर वारा सुटला होता आणि बोटीत सात जण. जेटीजवळ तुम्ही थ्रॉटल पूर्ण सोडला. मी दोनदा म्हणालो, थोडी रेस धरून ठेवा आणि बकेट अर्धी खाली घ्या, बोट जागेवर उभी राहील. तुम्ही पाहुण्यांसमोर म्हणालात, ‘मला शिकवू नका.’ मग मी गप्प बसलो. आउटबोर्डची (मागे बाहेर लावलेल्या, पंख्याच्या इंजिनाची) सवय असलेल्या हाताला हे लगेच जमत नाही, त्यात कमीपणा नाही.

यापुढे बिल फोडून देत जाऊ, फोनचंही काहीतरी बघतो.

काढलेली रिंग शेडमध्ये खिडकीजवळ ठेवली आहे, तुमच्या बोटीचा नंबर खडूने लिहून. येऊन हात लावून बघा. एखाद्या सकाळी वारा नसताना दोघंच जाऊ, ट्रायलचे पैसे नाहीत. तेव्हाही हळू चालवताना बोट ऐकली नाही, तर पत्र्यांचे ४,२०० तिथेच परत करीन.