पालखी गेली, आता विचारू का?

परवा आमच्या कथावाचनाच्या गटातल्या एका मुलीनं चहा पिता पिता हळूच विचारलं, "काकू, कथा पाठवून अडीच महिने झाले. आता विचारलं तर चिडतील का हो ते?"

पुण्यात माणसं रिक्षावाल्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, बँकेतल्या मॅनेजरला जाब विचारायला मागेपुढे बघत नाहीत. (तीस वर्षं बँकेच्या काउंटरला काढलीत, मला विचारा.) पण संपादक म्हटलं की भल्याभल्यांचा घसा बसतो. या मुलीनं मेल लिहून ठेवला होता, पण पाठवायचा धीर होत नव्हता. मोबाइल पुढे केला. सुरुवात, "आपला अमूल्य वेळ घेत असल्याबद्दल सर्वप्रथम क्षमस्व." मग लिहायला कशी लागली ते, मग आईचं आजारपण, मग शेवटी "काही चुकलं असल्यास लहान समजून माफ करावे." मी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. कथेचं नाव कुठेच नव्हतं.

"अगं, नाव?"

"ते त्यांना माहीतच असेल ना?"

नसतं माहीत, बाळा. म्हणून हे लिहायला बसले.

२०२१ ते २०२४ अशी चार वर्षं मी एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचायचं काम केलं. काम म्हणजे हौसेचंच. संध्याकाळी नारायण पेठेतल्या एका खोलीत आम्ही तिघं बसायचो. टेबलावर प्रिंट काढलेल्या कथांचा गठ्ठा, पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर जुन्या तराजूचं अर्ध्या किलोचं माप. बाकीच्या कथा मेलवर. फाइलींची नावं काय असावीत? "कथा". "कथा १". "नवीन कथा". "कथा फायनल". "कथा फायनल दुरुस्त". उघडल्यावर कधी कधी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन, कारण लिहिणाऱ्यानं फॉन्ट वेगळाच वापरलेला.

एका वर्षी त्यात बोअरवेलच्या गाडीवर काम करणाऱ्या पोराची कथा आली. तिघांनाही आवडली, आणि तिघांचं एकमत व्हायचा तो त्या वर्षीचा एकमेव प्रसंग. वर नाव नाही, खाली फोन नाही. मेल आला होता तो तालुक्याच्या गावच्या कुठल्याशा डीटीपीवाल्याच्या पत्त्यावरून. आम्ही त्याला उलट लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "कोणाचं आहे सांगता येणार नाही, दिवसाला दहा जण टाइप करायला येतात." सहा पानं त्या कथेसाठी रिकामी ठेवली. अनंत चतुर्दशीपर्यंत वाट पाहिली, मग तिथे एक प्रवासवर्णन गेलं. बरंच होतं ते, पण प्रवासवर्णनच.

तो कोण होता देव जाणे. एक फोन, एक ओळ आली असती तर त्याची कथा छापून आली असती. आजही तो म्हणत असेल की पुण्याचे लोक आपल्यासारख्यांचं वाचतच नाहीत. आणि मला त्याला सांगताही येत नाही.

तेव्हा विचारणं म्हणजे भीक मागणं नव्हे. कथा तुमची आहे. नुसती पाठवली म्हणून ती त्यांची होत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी असावं लागतं. आपली वस्तू दुसऱ्याच्या घरी ठेवलेली असताना "ती आहे ना हो तिथे?" असं विचारायला लाज कसली? पण कधी विचारायचं, याला मात्र अक्कल लागते. ती मी फुकट मिळवलेली नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका दिवाळी अंकाकडे कथा पाठवली होती. धीर धरवेना म्हणून ऐन नवरात्रात संपादकांना फोन लावला. पलीकडून आधी मशीनची खडखड, मग आवाज, "बाई, मी प्रेसमध्ये उभा आहे, शेवटचा फर्मा चढलाय." फोन बंद. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की त्यानंतर चौदा महिने मी ब्र काढला नाही. मधल्या काळात ती कथा नाकारली गेली असं स्वतःच ठरवलं आणि दुसऱ्या मासिकाला देऊन टाकली. त्यांनी छापली. पुढे टिळक रोडला साहित्य परिषदेत, पटवर्धन सभागृहाबाहेर, तेच संपादक भेटले. हातात चहाचा कागदी कप. हसून म्हणाले, "तुमची कथा या खेपेला नक्की घेतोय. मागच्या वेळी जाहिराती वाढल्या, पानं उरली नाहीत, म्हणून राखून ठेवली होती." मी म्हटलं, "ती छापून आली." "कुठे?" मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणंच मला अजून आठवतं.

चूक कोणाची? त्यांनी "राखून ठेवली आहे" असं एका ओळीत कळवायला हवं होतं, हे मी आजही म्हणते. पण "कथा मागे घेते आहे" अशी एक ओळ मीही लिहायला हवी होती. नवरात्रात फोन करायचं धाडस होतं, आणि मार्चमध्ये एक पोस्टकार्ड टाकायचं नव्हतं!

आता माझा मुख्य मुद्दा. माझा भाचा इंग्रजीत विज्ञानकथा लिहितो आणि परदेशी मासिकांना पाठवतो. त्यांच्याकडे सगळं घड्याळाच्या काट्यावर. अमुक इतके दिवस थांबा, मग कथेचं नाव आणि पाठवल्याची तारीख देऊन विचारा, असं बरेच जण नियमावलीतच लिहितात. सबमिटेबल नावाच्या व्यवस्थेवर त्याला कथेची अवस्था दिसते, आधी "रिसीव्हड", मग "इन प्रोग्रेस". तो दिवसातून चार वेळा बघतो, आजी पूर्वी पोस्टमनची वाट बघायची तसा. शिवाय डुओट्रोप आणि सबमिशन ग्राइंडर अशा दोन ठिकाणी लेखक आपापला अनुभव नोंदवतात, कोणत्या मासिकाचं उत्तर किती दिवसांत आलं ते. एवढं सगळं असून तिकडेही ढीग आहेच. २०२३च्या फेब्रुवारीत क्लार्क्सवर्ल्ड या अमेरिकी मासिकाला तर यंत्रानं लिहिलेल्या कथांचा इतका पूर आला की त्यांनी काही काळ कथा घेणंच थांबवलं.

भाचा मला म्हणतो, "मावशी, नव्वद दिवस झाले की विचारायचं." अरे, पण आमचा संपादक नव्वद दिवसांवर चालतच नाही. तो पंचांगावर चालतो.

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तो मराठीतला पहिला मानला जातो. तेव्हापासून आपली कथा दिवाळीला बांधलेली आहे आणि दिवाळी तिथीला. चार वर्षं आतून बघून मी एवढं शिकले. पालखी पुण्यातून पुढे गेली की खरं वाचन सुरू होतं. त्याआधी संपादक जाहिरातींच्या आणि नावाजलेल्या लेखकांच्या मागे असतो, तुमचा-माझा मेल उघडलेलाही नसतो. आषाढीनंतर गठ्ठा हलतो. नागपंचमीच्या सुमारास घ्यायच्या, नाही घ्यायच्या आणि बघू अशा तीन थप्प्या पडतात. त्यातली "बघू"ची थप्पी सगळ्यात जाड! विचारायचं ते याच दिवसांत, कारण "बघू"मधली कथा एका साध्या आठवणीनं वर येऊ शकते. आलेली मी पाहिली आहे. आणि हो, खालीही जाते, त्याला इलाज नाही. गणपती बसले की पानं लागतात, प्रुफं फिरतात, चित्रकार चित्र देत नाही म्हणून आरडाओरडा चालतो. तेव्हा फोन करू नये. नवरात्रात तर नाहीच नाही (पुराव्यासाठी वर पाहा). दसऱ्यानंतर विचारण्यात अर्थ नाही, अनुक्रमणिका छापून झालेली असते. मग थेट तुळशीचं लग्न झाल्यावर एकच विचारावं, "राखून ठेवली आहे की मी मोकळी?"

गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला बसले, यंदा अधिक ज्येष्ठ आला म्हणून १४ सप्टेंबरला बसणार. अठरा दिवसांचा फरक. गेल्या वर्षी ऑगस्ट संपताना केलेला फोन चुकीचा होता, यंदा त्याच तारखेला केलेला बरोबर. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे आम्हाला वाचायला आख्खा महिना जास्त मिळाला होता. तेवढ्या एका वर्षी आम्ही सगळ्यांना उत्तरं पाठवली. म्हणजे उत्तर न येण्यात दरवेळी माज नसतो, कधी कधी नुसता महिना कमी पडलेला असतो.

एक मात्र वेगळं. "मिळाली का?" हा प्रश्न आणि "घेतली का?" हा प्रश्न एक नव्हे. पोच आठ-दहा दिवसांत आली नाही तर खुशाल विचारा, त्याला कुठलीही तिथी लागत नाही. बोअरवेलवाल्याचं घोडं पोचेपाशीच अडलं होतं. नेहमीच्या मासिकाला कथा दिली असेल तर पंचांग बाजूला ठेवा, तिथे भाच्याचे तीन महिने ठीक आहेत.

आणि मेल केवढा? एवढाच:

"नमस्कार. 'उंबरठा नसलेलं घर' ही माझी कथा १२ मे रोजी मेलनं पाठवली होती, साधारण २८०० शब्द. ती विचारात आहे का, एवढं कळवाल का? माझा नंबर खाली देत आहे."

बास. क्षमस्व नको, आजारपण नको, "आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत डोळे लावून" तर मुळीच नको. ज्याला होय-नाहीत उत्तर देता येतं असा प्रश्न दमलेला माणूसही उभ्या उभ्या उत्तरतो. त्याच मेलला सुधारलेली कथा जोडू नये. आम्ही एकीच्या कथेच्या चार आवृत्त्या वाचल्या, शेवटी कोणती खरी ते तिलाही सांगता येईना. फोनपेक्षा मेल बरा. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फुलाचं चित्र पाठवून आपलं अस्तित्व जाणवून देणारे महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही.

यावर कोणीतरी हमखास 'सत्यकथा' मासिकाचं नाव काढणार. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाला सविस्तर पत्र लिहायचे, कथेत काय अडतंय ते सांगायचे, तसे संपादक आता कुठे राहिले, वगैरे. खरं आहे. पण 'सत्यकथा' १९८२ साली बंद झाली आणि आजचा दिवाळी अंकाचा संपादक बहुतेक वेळा दिवसा नोकरी करून रात्री अंक काढतो. त्याच्याकडून पत्र मागू नये. "साभार परत" एवढे दोन शब्द मात्र मागावेत. पूर्वी तिकीट लावलेलं पाकीट सोबत द्यायचो, ते जाड होऊन परत आलं की दारातच कळायचं. वाईट वाटायचं, पण कथा त्याच संध्याकाळी दुसरीकडे रवाना करता यायची. आता मेलला तिकीटही लागत नाही आणि उत्तरही येत नाही, हे मला पटत नाही. संपादक मित्रमैत्रिणींनो, सगळ्यांना एकच साचेबंद मेल पाठवा, कोणी रागावणार नाही. रागावलंच तर निदान कशावर रागवायचं ते तरी कळेल.

दोनदा विचारून उत्तर आलं नाही तर तिसऱ्यांदा विचारू नका, कळवा. "कथा मागे घेत आहे, दुसरीकडे पाठवत आहे." कारण द्यायची गरज नाही. एकच कथा दोन दिवाळी अंकांत छापून आली की दोन्हीकडची दारं बंद होतात, आणि पुण्यात ही बातमी पेठा ओलांडायला एक दुपार पुरते.

(मानधनाची आठवण कधी करायची, हा वेगळ्या पोस्टचा विषय. ते तिथीनंही येत नाही.)

त्या मुलीचा मेल आम्ही अमृततुल्यच्या बाकड्यावर बसून पुन्हा लिहिला. चार ओळी झाल्या. ती म्हणाली, "फारच कोरडा वाटतोय हो." मी म्हटलं, तू कथेत ओलावा घाल. तिनं हट्टानं शेवटी "आपली नम्र" ठेवलंच, ठेवू दिलं.

माझीही एक कथा मे महिन्यापासून एका ठिकाणी आहे. पोच आली होती, तीन अक्षरी, "मिळाली". पालखी जाऊन पंधरवडा उलटला. मेल लिहून तयार आहे, नागपंचमी १७ ऑगस्टला आहे. काल रात्री पाठवायला बोट पुढे गेलं होतं, नवऱ्यानं कालनिर्णय पुढे धरलं.