इव्हिक्शनची केस डिसमिस झाली तरी क्रेडिट स्कोअर पडतो म्हणे!

अमेरिकेत भाड्याने राहणाऱ्यांच्यात एक मेसेज फिरतोय: लँडलॉर्डने इव्हिक्शनची, म्हणजे घर खाली करायला लावायची केस टाकली की स्कोअर पडतो, केस डिसमिस झाली तरी डाग 7 वर्षं राहतो, म्हणून नोटीस आली की कोर्टाच्या भानगडीत न पडता घर सोडा.

पहिलं म्हणजे स्कोअर. क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्या म्हणजे इक्विफॅक्स, एक्स्पीरियन, ट्रान्सयुनियन, यातल्या कुणाच्याच रिपोर्टमधे इव्हिक्शनची केस येत नाही. पूर्वी पैसे भरायचा कोर्टाचा हुकूम झाला तर तो दिसायचा, 2017 नंतर तोही काढला. आता कोर्टातलं दिसतं ते फक्त दिवाळखोरी. मग डिसमिस झालेल्या केसने स्कोअर पडणार कसा?

7 वर्षांचं मात्र पूर्ण खोटं नाही, फक्त जागा चुकलीय. भाडेकरू तपासायचे टेनंट स्क्रीनिंग रिपोर्ट वेगळे असतात, त्या कंपन्या कोर्टाचं रेकॉर्ड उचलतात आणि तिथे केस 7 वर्षं दिसू शकते, कधीकधी तर 'डिसमिस' हा शेरा गाळूनच. ट्रान्सयुनियनच्याच स्क्रीनिंग कंपनीला असल्या चुकीच्या नि अर्धवट नोंदींवरून 2023 मधे 1.5 कोटी डॉलर मोजावे लागले. म्हणजे स्कोअर 780 इतका चांगला असूनही घर नाकारलं जाऊ शकतं, आणि माणूस बसतो क्रेडिट रिपोर्ट चाळत!

पण हेही सगळीकडे सारखं नाही. कॅलिफोर्नियात केस टाकल्यापासून 60 दिवसांत लँडलॉर्ड जिंकला नाही तर कोर्टाचं रेकॉर्ड सहसा इतरांसाठी बंदच राहतं, न्यूयॉर्कमधे 2019 पासून जुन्या केसवरून घर नाकारणंच बेकायदेशीर आहे.

आणि 'कोर्टात न जाता घर सोडा' हा तर कहरच. तुम्ही तारखेला गेलाच नाहीत तर जी केस डिसमिस होऊ शकली असती ती एकतर्फी तुमच्या विरोधात जाते, वर लीज अर्धवट सोडल्याची थकबाकी लँडलॉर्ड वसुली करणाऱ्या कलेक्शन एजन्सीकडे देऊ शकतो आणि ती नोंद मात्र क्रेडिट रिपोर्टमधे येते, 7 वर्षं. ज्या भीतीने पळायला सांगतायत ते पळाल्यानेच होतं.

स्क्रीनिंग रिपोर्टवरून घर नाकारलं तर रिपोर्ट कुठल्या कंपनीचा ते लँडलॉर्डला सांगावंच लागतं, 60 दिवसांत मागितलात तर कॉपी फुकट मिळते. त्यात चूक असेल तर डिसमिसलची ऑर्डर जोडून डिस्प्यूट टाका, कंपनीला साधारण 30 दिवसांत तपासून दुरुस्त करावं लागतं.