दोन हजारांच्या नोटेतली चिप आणि खरा नॅनो सेन्सर

दोन हजारांची नोट मे २०२३ मध्ये चलनातून मागे घेतली गेली, पण तिच्याबद्दलचा तो मेसेज काही जात नाही. नोटेत ‘नॅनो जीपीएस चिप’ आहे, तिला वीज लागत नाही, ती उपग्रहाचा सिग्नल परतवते आणि नोट जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी सापडते, असा तो दावा. रिझर्व्ह बँकेने तो २०१६ मध्येच नाकारला होता. तरी परवा एका लग्नात एका शिकल्यासवरल्या नातेवाइकांनी तो मला जसाच्या तसा ऐकवला, म्हणून हे लिहितेय.

‘उपग्रह नोट शोधतो.’ जीपीएसचे उपग्रह कुणालाच शोधत नाहीत. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतात. ते ऐकून हिशेब करतो आपला फोन, आणि त्यालाही किमान चार उपग्रह लागतात. तो ठावठिकाणा दुसऱ्याला कळवायचा तर मोबाइल नेटवर्क वेगळं. उपग्रहाची ही लहर जमिनीवर पोचेपर्यंत इतकी क्षीण होते की तळघरातल्या पार्किंगमध्येही मिळत नाही. १२० मीटर माती-खडकाचं तर नावच नको.

‘वीज लागत नाही, सिग्नल परतवते.’ यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच माणूस फसतो. बॅटरीविना चालणारी चिप असते; गाडीच्या काचेवरचा फास्टॅग हे तिचंच उदाहरण. पण तिला जागं करणारी ऊर्जा टोलनाक्यावरचा रीडर देतो, तीही काही मीटरवरून. शिवाय चिप ठिपक्याएवढी असली तरी तिला जोडलेला अँटेना चांगला काही सेंटीमीटरचा असतो. जीपीएसची लहर सुमारे १९ सेंटीमीटर लांबीची. ‘नॅनो’, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागात मोजायची वस्तू ती पकडणार कशी?

‘दडवलेला पैसा सापडतो.’ ९८ टक्क्यांहून जास्त नोटा परत आल्या, त्या लोकांनी स्वतः आणून भरल्या म्हणून. उपग्रहाला दिसत असत्या तर उरलेल्या हजारो कोटींची वाट पाहावी लागली नसती.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो ‘नॅनो’ शब्द. नॅनो सेन्सरची ताकद लांबचं पाहण्यात नाही, स्पर्शात आहे. गर्भचाचणीच्या पट्टीवरची लालसर रेघ बहुतेकदा सोन्याच्या नॅनो कणांची असते. इतक्या बारीक कणांत सोनं पिवळं नाही, लाल दिसतं. कणांवर प्रतिपिंडं (अँटिबॉडी) चिकटवलेली असतात. लघवीत एचसीजी हे गरोदरपणातलं संप्रेरक (हॉर्मोन) असलं की कण रेघेवर अडकतात, त्यांची दाटी होते आणि रेघ उमटते. कोविडच्या रॅपिड अँटिजेन किटचं तत्त्वही हेच. ना वीज, ना सिग्नल.

आयआयटी मुंबईत रुजलेल्या नॅनोस्निफ कंपनीचं ‘नॅनोस्निफर’ हे यंत्र २०२१ मध्ये आलं. स्फोटकाचा नॅनोग्रॅमभर अंश ते १० सेकंदांच्या आत ओळखतं. त्यासाठी बॅग पुसून घेतलेला नमुना मात्र यंत्रात घालावा लागतो. नुसती पाच पावलांवर ठेवलेली बॅग त्याला कळत नाही.