सद्दामच्या फाशीने इराकमधली यादवी पेटली का? तारखा वेगळं सांगतात

डिसेंबर संपत आला की व्हॉट्सअॅपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. गोषवारा असा: हलब्जा या कुर्द गावावर सोडलेल्या विषारी वायूबद्दल अमेरिकेने सद्दाम हुसेनला फासावर चढवलं, त्या फाशीने शिया-सुन्नी कत्तली सुरू झाल्या, त्याआधी सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते. एकेक विधान घेऊ.

«हलब्जासाठी फाशी झाली»

साफ चूक. फाशी झाली ती दुजैलच्या खटल्यात. 8 जुलै 1982 रोजी या शियाबहुल गावात सद्दामच्या ताफ्यावर गोळीबार झाला. त्याचा सूड म्हणून क्रांतिकारी न्यायालयाने 148 जणांना मृत्युदंड ठोठावला. त्यातले काही तर निकालाआधीच कोठडीत मेलेले होते. बागा उखडल्या, बायकामुलांना वाळवंटातल्या छावणीत डांबलं. कुर्दांवर चालवलेल्या अन्फाल या लष्करी मोहिमेचा खटला वेगळा होता. तो 21 ऑगस्ट 2006 ला सुरू झाला आणि सद्दाम मेला तेव्हा अर्धवटच होता.

«अमेरिकेने फाशी दिली»

अर्धसत्य. सद्दामवर खटला चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचा कायदा अमेरिकी अमलात, 10 डिसेंबर 2003 ला झाला. सद्दाम सापडला त्यानंतर तीन दिवसांनी. पैसा, सल्लागार, कोठडी हे सगळं अमेरिकेचं. पण न्यायाधीश इराकी होते, आणि अमेरिकी प्रशासनाने स्थगित केलेली फाशीची शिक्षा 2004 मध्ये पुन्हा आणली ती इराकच्या हंगामी सरकारने. अंमलबजावणीच्या आदेशावर सही पंतप्रधान नूरी अल मालिकींची. राष्ट्राध्यक्ष तालबानी मृत्युदंडाच्या विरोधातले होते.

«खटला म्हणजे निव्वळ नाटक»

मूळ मजकुरात नसलं तरी त्याखालच्या प्रतिक्रियांत हे हटकून येतं. निव्वळ नाटक असतं तर आठांपैकी एक आरोपी निर्दोष सुटला नसता, आणि सद्दामच्या सहीचे कागद पुराव्यात आणायची तसदीही कुणी घेतली नसती. मात्र खटल्यात खोट होती, आणि मोठी होती. बचाव पक्षाच्या तीन वकिलांचे खून झाले. मुख्य न्यायाधीश रिझगार अमीन यांनी राजकीय दबावाला कंटाळून जानेवारी 2006 मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले रऊफ अब्दुल रहमान मूळचे हलब्जाचेच, त्यामुळे निःपक्षपातीपणावर बोट ठेवायला बचावाला आयतं कारण मिळालं.

खरा घोळ अपिलात आहे. निकाल 5 नोव्हेंबर 2006 चा, अपिलाची मुदत 30 दिवस. सुमारे 300 पानांचं निकालपत्र वकिलांच्या हाती पडलं 22 नोव्हेंबरला, म्हणजे उरले जेमतेम दोन आठवडे. अपील फेटाळलं गेलं 26 डिसेंबरला. त्याआधीच, नोव्हेंबरात, मालिकी जाहीरपणे सांगून मोकळे झाले होते की वर्ष संपायच्या आत फाशी होईल. अपील प्रलंबित असताना पंतप्रधानांनीच वेळापत्रक जाहीर करायचं, मग अपिलाला अर्थ तो काय राहिला?

कायद्याची कात्रीही पाहा. न्यायाधिकरणाच्या कायद्यानुसार निकाल अंतिम झाल्यापासून 30 दिवसांत शिक्षा अमलात आणणं बंधनकारक. म्हणजे जानेवारीचे तीन आठवडे हाताशी होते. दुसरीकडे फौजदारी प्रक्रिया कायद्यानुसार सणाच्या दिवशी, कैद्याच्या धर्माच्या सणालाही, फाशी देता येत नाही. तरी मुहूर्त निवडला तो 30 डिसेंबरच्या पहाटेचा, सुन्नींच्या बकरी ईदचा पहिला दिवस. इराकी शियांची ईद दुसऱ्या दिवशी होती. त्यात तख्त्याजवळ कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं. त्यात ‘मुक्तदा, मुक्तदा’ ही शिया नेते मुक्तदा अल सद्र यांच्या नावाची आरोळी स्पष्ट ऐकू येते. एका निवाड्याची अंमलबजावणी सुन्नींना टोळीने घेतलेल्या सूडासारखी दिसली ती यामुळे.

«फाशीमुळे कत्तली सुरू झाल्या»

इथे तारखा पाहिल्या तरी पुरे. ऑगस्ट 2003: नजफमध्ये इमाम अलींच्या दर्ग्याबाहेर स्फोट, शिया नेते अयातुल्ला बाकिर अल हकीम ठार. 2 मार्च 2004: शियांच्या शोकाच्या आशुरा दिवशी कर्बला आणि काझिमिया या त्यांच्या पवित्र ठिकाणी स्फोट. सप्टेंबर 2005: इराकमधल्या अल कायदाचा सुन्नी म्होरक्या झरकावीने शियांविरुद्ध उघड युद्ध पुकारलं. नोव्हेंबर 2005: बगदादच्या जादिरियात गृहमंत्रालयाच्या तळघरात छळलेले कैदी सापडले, बहुतेक सुन्नी. 22 फेब्रुवारी 2006: सामर्रातल्या शियांच्या अल अस्करी दर्ग्याचा सोनेरी घुमट उडवला, आणि मग मोहल्लेच्या मोहल्ले रिकामे झाले. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार 2006 मध्ये 34,452 नागरिक मेले. ते वर्ष सरायला दोन दिवस उरले असताना सद्दामला फाशी झाली. तिने आगीत तेल ओतलं हे खरं, पण आग लावली म्हणणं खोटं.

«आधी सगळे गुण्यागोविंदाने»

बगदादमध्ये शिया-सुन्नी लग्नं सर्रास होत, हे खरंच. पण 1991 मध्ये दक्षिणेतला शियांचा उठाव सद्दामच्या फौजेने रणगाडे घालून चिरडला; त्यात मारलेल्यांच्या सामूहिक कबरी 2003 नंतर उघडल्या गेल्या.

फाशीच्या घाईची सगळ्यात मोठी किंमत मोजली ती कुर्दांनी. आरोपीच उरला नाही म्हणून अन्फाल खटल्यातून सद्दामचं नाव वगळलं गेलं. जून 2007 मध्ये निकाल लागला तेव्हा मुख्य आरोपी म्हणून पिंजऱ्यात होता त्याचा चुलतभाऊ अली हसन अल मजीद.