विद्यार्थी कल्याण समन्वयकपदी निवड झाल्याबद्दल अभिनंदन!

सर, मॅडम, अभिनंदन! परीक्षा विभाग, एनएसएस आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा पाचवा निकष तुमच्याकडे होताच. आता विद्यार्थ्यांचं मानसिक स्वास्थ्य आणि सुरक्षाही आली. मानधन नाही. पण काम सोपं आहे, फक्त विद्यार्थ्यांना मध्ये येऊ द्यायचं नाही.

आधी समुपदेशन कक्ष उरकून घ्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये बजावलंय. मानसशास्त्राच्या सीएचबीवाल्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या मॅडमची नेमणूक करून टाका. त्यांचं स्वतःचं मानधन कित्येक महिने थकलेलं असतं, त्यामुळे ताणतणाव हा विषय त्यांना पुस्तकाबाहेरूनही ठाऊक असतो. खोली जिमखान्यामागची द्या, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे एका बाजूला सारून. वेळ सोमवार-गुरुवार दुपारी दोन ते तीन, म्हणजे ऐन प्रॅक्टिकलची. दाराशी शिपायाच्या टेबलावर रजिस्टर हवं: नाव, वर्ग, रोल नंबर, समस्येचं स्वरूप, सही. गोपनीयतेसाठी त्याला ब्राऊन कव्हर घाला. वर्षअखेर पानं कोरी राहिली तर अहवालात लिहा, 'विद्यार्थ्यांमध्ये तणाव आढळून आला नाही.'

उद्घाटनाचा फोटो जिओटॅग केलेला असावा. अक्षांश-रेखांश स्पष्ट दिसले पाहिजेत. मुलं नाही दिसली तरी चालतं.

रॅगिंगचं तर फारच सोपं. हिमाचलमध्ये एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा जीव गेला, मग 2009 मध्ये यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले. तेव्हापासून मुलगा आणि पालक दरवर्षी हमीपत्र देतात. ते भरून घ्या, गठ्ठा बांधा, कपाटात टाका. 1800-180-5522 या हेल्पलाइनचा बोर्ड लावणं बंधनकारक आहे, तोही लावा. सीनियर मुलांचा कट्टा आहे ना, बरोबर त्याच्या वर.

खरी मजा मुलींच्या सुरक्षेत आहे. यूजीसीच्याच 2013 च्या 'सक्षम' अहवालात म्हटलंय की सुरक्षेच्या नावाखाली मुलींवर पाळत नको, त्यांच्या फिरण्यावर बंधनं नकोत. 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत त्याच यूजीसीनं काटेरी तारांचं कुंपण आणि वसतिगृहात बायोमेट्रिक हजेरी सुचवली. दोन्ही कागद दिल्लीचेच, सोयीचा तो उचला. अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी ठेवा आणि वसतिगृहाचं गेट साडेसातला बंद करा. मधल्या रस्त्यावरचे दिवे बंद आहेत अशी तक्रार येईलच. पण दिव्यांना तीन कोटेशनं लागतात, कुलपाला एक रखवालदार पुरतो. मुली फारच बोलल्या तर रेक्टर मॅडमना पुढे करा: "बाळांनो, तुमच्याच भल्यासाठी आहे." त्यावर उत्तर द्यायची सोय आपल्याकडे कुणीच केलेली नाही.

राजस्थानातल्या कोटा शहरात प्रशासनानं 2023 मध्ये आत्महत्या रोखायला वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंगा बसवायचा आदेश काढला, तो ध्यानात ठेवा. स्प्रिंगचं बिल येतं, त्यावर जीएसटी असतो, ऑडिटला दाखवता येतं. मुलांचं ऐकून घेणारं माणूस कुठल्या लेखाशीर्षाखाली दाखवणार?

तरीही एखादा पोरगा वेळ सोडून दारात येईलच. महाडीबीटीची शिष्यवृत्ती आलेली नाही, मेसवाला ताट देत नाही, परीक्षा फॉर्मला लेट फी लागलीय, असलं काहीतरी सांगेल. पोर्टल आपल्या अखत्यारीत नाही. त्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगा आणि पुढच्या सोमवारच्या ध्यान शिबिरात त्याचं नाव घाला. उपस्थिती पंचाहत्तर टक्के सक्तीची.

आणि हो, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दर्शनी भागात लावायलाच हवा. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलतात. पंचाईत एवढीच की मुलं तिकडे खरोखर फोन करतात आणि आपल्या रजिस्टरला त्याचा पत्ता लागत नाही. तेव्हा आपल्या कॉलेजातून कुणी कुणी फोन केला त्याची यादी, रोल नंबरसह, मागवणारं पत्र आजच टाइप करून ठेवा. नॅकला लागेल.