श्रीमती म्हणजे विधवा? कुणी ठरवलं?

लग्नसराई आली की जळगाव-धुळ्याकडच्या पत्रिकांच्या प्रुफात तोच घोळ. नवरा हयात तर ‘सौ.’, गेलेला असेल तर ‘श्रीमती’ नाहीतर ‘गं. भा.’ (गंगा भागीरथी). अहो, ‘श्रीमती’त वैधव्य आलं कुठून? श्री म्हणजे लक्ष्मी, शोभा. त्याला संस्कृतातला ‘मतुप्’ प्रत्यय लागला की ‘श्रीमत्’; पुल्लिंगी श्रीमान, स्त्रीलिंगी श्रीमती. आपला ‘श्रीमंत’ही त्यातलाच. म्हणजे त्याच शब्दाने पेशवे श्रीमंत झाले आणि बाई विधवा!

रावेर ओलांडून बऱ्हाणपुरात जा. तिथल्या हिंदी पत्रिकेत नवरा हयात असलेली बाईच ‘श्रीमती’ असते. तिकडच्या सोयऱ्यांनी पाठवलेली नावं जशीच्या तशी छापली की इकडे कुजबुज सुरू: मावसा गेले का?

पुरुष मात्र बायको असो-नसो, ‘श्री.’च. विधुराच्या नावामागे लावायला काहीच नाही. आणि २०२३ मध्ये विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द सरकारी वापरात आणण्याचा प्रस्ताव मंत्र्यांकडूनच पुढे आला होता! संताप येतो.

मजकूर देतानाच सगळ्या बायकांमागे ‘श्रीमती’ लिहा, नाहीतर सगळ्यांची नुसती नावं. छापणाऱ्याला मागच्या लग्नाची फाइल उघडून त्यातच नावं बदलू देऊ नका, जुनं ‘सौ.’ तिथेच चिकटून राहतं. आणि नवरदेवाची आई विधवा आहे म्हणून तिचं नाव निमंत्रकांतून काढून काका-काकूंचं टाकायचं, हे बंद करा. लग्न तिच्या घरचं आहे, तिचं नाव सगळ्यात वर छापा.