सरांना हरायची मुभा द्या

रविवारी आमच्या अंडर-१२ फुटबॉल संघाच्या पालकांची बैठक आहे. विषय एकच, कोच बदलायचा. कारणही एकच, गेल्या आठ सामन्यांत सहा पराभव. मी त्याच संघातल्या एका डिफेंडरची आई आहे आणि सर राहावेत असं मला मनापासून वाटतं. बैठकीत सगळे एकदम बोलतात, कुणाचंच धड ऐकू येत नाही, म्हणून आधीच इथे लिहिते.

आधीच्या सरांच्या वेळी आम्ही जिंकायचो. दोन दांडगी, वेगवान मुलं पुढे ठेवायची, मागून चेंडू लांब उडवायचा, बाकीच्यांनी धावत राहायचं. माझ्या मुलीला एवढंच सांगितलेलं, ‘चेंडू आला की मार लांब.’ वर्षभर तिनं तेच केलं. जिंकल्याचे फोटो मीही हौसेनं टाकले. पण वर्ष संपलं तरी कुणी अंगावर धावून आलं की तिला चेंडू पायाशी थांबवता येत नव्हता, आणि याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

नव्या सरांनी आल्या आल्या गोल किक, म्हणजे चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर आपल्या गोलजवळून मारायची किक, लांब मारणं बंद केलं. २०१९पासून गोल किकचा चेंडू पेनल्टी एरियाच्या, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीच्या, आतच आपल्या खेळाडूला घेता येतो. सर तेच शिकवतात. कीपरनं जवळ द्यायचा, डिफेंडरनं चेंडू यायच्या आधी मान वळवून आजूबाजूला बघून घ्यायचं, मग पुढचा पास. अकरा वर्षांच्या मुलांचं यात चुकणारच. आणि चुकलं की चेंडू आपल्याच गोलसमोर समोरच्या संघाच्या पायात. आमच्यावरचे निम्मे गोल असेच झालेत.

त्यातल्या एका गोलला मी जबाबदार आहे. कीपरनं मुलीला पास दिला. सर म्हणत होते, “वेळ आहे, बघ.” मी टचलाइनवरून, म्हणजे मैदानाच्या कडेवरून, जिवाच्या आकांतानं ओरडले, “मार लांब!” चेंडू पायाखाली धरून तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. तेवढ्यात समोरच्या मुलानं तो काढून घेतला. रात्री झोपताना ती म्हणाली, “आई, तू आणि सर आधी काय ते ठरवा ना.” त्यानंतर मी टचलाइनवर तोंड उघडलेलं नाही.

चांगला कोच आणि वाईट कोच यांतला फरक आपण गुणफलकावर शोधतो, आणि या वयात तो तिथे सापडत नाही. फिफाच्या वयोगट स्पर्धांना १ जानेवारी ही वयाची सीमा असते, अनेक देश आपले गटही त्यावरच पाडतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेलं मूल आणि डिसेंबरमधलं मूल एकाच गटात. दहाव्या-अकराव्या वर्षी हे जवळजवळ एक वर्ष म्हणजे उंची, ताकद, वेग, सगळंच. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं निवडीत जास्त दिसतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलंय. मोठी मुलं पुढे ठेवून जिंकणं म्हणजे कॅलेंडरच्या जोरावर जिंकणं. त्यात कोचिंग कुठे आलं? स्ट्रायकर हॅरी केनला आर्सेनल या इंग्लिश क्लबनं आठ-नऊ वर्षांचा असताना सोडून दिलं होतं. इंग्लंडसाठी सर्वाधिक गोलांचा विक्रम २०२३मध्ये त्याच्याच नावावर लागला. फॉरवर्ड ग्रिझमनला अंगानं लहान म्हणून फ्रान्समधल्या एकामागून एक क्लबांनी नाकारलं. तो स्पेनमध्ये जाऊन घडला आणि २०१८मध्ये फ्रान्सकडून वर्ल्ड कप जिंकला. प्रत्येक लहानखुरं मूल केन होणार नाही, माझी मुलगीही नाही. पण अकराव्या वर्षी कुणाचं काय होणार हे मोठमोठ्या क्लबांना कळत नाही, ते आपल्याला आठ सामन्यांत कळलं?

जर्मनीनं २०२४-२५च्या हंगामापासून अंडर-११पर्यंतची गुणतालिकाच काढून टाकली. अगदी लहान मुलं तिथे तीन विरुद्ध तीन खेळतात, मैदानावर चार छोटे गोल असतात, म्हणजे चेंडू सगळ्यांच्या पायाला लागतो. आपला संघ या वयाच्या जेमतेम पुढे आहे.

सरांना पारखायचंच असेल तर सामना सोडा, सराव बघा. मुलं रांगेत किती वेळ नुसती उभी असतात? चूक झाल्यावर सर पहिलं वाक्य काय बोलतात? मी तीन आठवडे बसून पाहिलं. रांगा जवळजवळ नसतातच. मुलगी चुकली की ते विचारतात, “पास यायच्या आधी तुला काय दिसलं?” उत्तर येईपर्यंत थांबतात. मला घरी एवढा धीर धरता येत नाही.

सरांचंही चुकतं. कुणाला किती वेळ खेळवणार, बेंचवर का बसवलं, हे ते पालकांना सांगत नाहीत, आणि न सांगितलेल्या जागी संशय शिरतो. ‘अमक्याचे बाबा सरांच्या जवळचे म्हणून तो पहिल्या अकरात’ ही कुजबुज तिथूनच सुरू झाली. हंगामाच्या सुरुवातीलाच त्यांनी हे बोलायला हवं होतं. आपणही सामना संपल्या संपल्या घाम पुसणाऱ्या माणसाला घेरायला नको होतं. काही क्लबांत सामन्यानंतर २४ तास कोचशी तक्रारीचं बोलायचं नाही असा नियम असतो, तो आपण लावून घेऊ. आणि बोलताना आपल्या मुलाबद्दल बोलू, दुसऱ्याच्या मुलाला बाहेर बसवा म्हणून नाही.

कोच काढला तर पुढचे येणारे सर काय शिकतील याची मला जास्त काळजी वाटते. पहिल्याच दिवशी त्यांना कळेल की इथे टिकायचं तर जिंकावं लागतं. मग पुन्हा दोन दांडगी मुलं पुढे, आणि मागे माझी मुलगी चेंडू लांब मारत.

परवाच्या सामन्यातही आम्ही हरलो. पण एकदा कीपरचा पास येण्याआधी तिनं मान वळवली, अंगावर येणारा मुलगा पाहिला आणि चेंडू पहिल्याच स्पर्शात दुसऱ्या बाजूला वळवून मोकळ्या मैत्रिणीला दिला. त्यातून गोल वगैरे काही झाला नाही. रविवारी हात वर करायला सांगितले तर माझा हात सरांच्या बाजूनं असेल. मतदानाआधी एकदा सरावाला येऊन बसा, गुरुवारी आहे.